समाचाराची केळी

आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही गोष्ट मी अमेरिकेत आल्यावरही सोडली नाही. बाकी पुष्कळ सोडलं. पण कुणी पडलं, कुणाचा हात मोडला, कुणाचं ऑपरेशन झालं की माझे पाय आपोआप दुकानातल्या केळ्यांकडे वळतात. माझा नवरा पुण्याचा, त्यामुळे त्याचं म्हणणं असं की आधी फोन करावा. मी नागपूरची. आमच्याकडे फोन करून समाचाराला जाणाऱ्या माणसाला मुळात जायचंच नव्हतं, असं समजतात.

ही सवय मला नोकरीत नडेल असं कधी वाटलं नव्हतं, कारण माझी नोकरीच पडलेल्या माणसांची होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर विमा कंपन्यांनी लहान गावांचे विमे एकाएकी इतके महाग केले की गावांच्या तोंडचं पाणी पळालं. काही कंपन्यांनी तर गावांना दारातूनच परत पाठवलं. तेव्हा जॉर्जियातल्या आमच्या भागातल्या गावांनी एकत्र येऊन स्वतःची भिशी काढली. ते तिला इंग्रजीत पूल म्हणत, पण मला विचाराल तर ती भिशीच. सगळ्यांनी वर्गणी भरायची, आणि ज्या गावाचा माणूस कामावर जायबंदी होईल त्याचं औषधपाणी आणि घरी बसल्याचा पगार त्यातून द्यायचा. त्या भिशीच्या ऑफिसात, एका टायरच्या दुकानामागे, मला नोकरी लागली. माझ्या नागपूरच्या वकिलीच्या पदवीला इथे कुणी विचारत नव्हतं. पण चौकशा करायला पदवी लागत नाही, स्वभाव लागतो, आणि तो माझ्याकडे भरपूर होता.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना ही नोकरी समजावून सांगणं महाकठीण. आम्ही तेव्हा अल्फारेटाजवळ राहायचो. तिथे त्या काळी घोड्यांची कुरणंच जास्त होती आणि मराठी घरं एकमेकांपासून लांब लांब. हळदीकुंकवाला एका काकूंनी मला विचारलं, मी नक्की काय करते. मी म्हटलं, "काकू, मी क्लेम्स हँडल करते. कामावर कुणाला इंजुरी झाली की बघते." काकूंनी "बघते" एवढंच लक्षात ठेवलं आणि मी नर्स आहे असं सगळीकडे सांगितलं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मला कोपऱ्यात नेऊन गुडघा दाखवायचं. मीही बघायचे. सल्ला द्यायला मला आजवर कधी कुणी अडवलेलं नाही.

नोकरीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे लोक पडूच नयेत म्हणून आधी जाऊन धोके हुडकायचे. गावोगावच्या अग्निशामक केंद्रांत शिड्या हलवून बघायच्या, ग्रंथालयातली स्टुलं तपासायची, कुत्री पकडणाऱ्याचे हातमोजे फाटलेत का ते पाहायचं. ही नजर एकदा लागली की घरी येताना उतरवून ठेवता येत नाही. मंडळाच्या गणपतीत मी ऐन आरतीच्या तोंडावर सगळ्यांना थांबवून मखराच्या वायरीला टेप लावायला लावली. पुढच्या वर्षी मला सजावट समितीतून काढून प्रसादाच्या समितीत टाकण्यात आलं. तिथे मी गॅसवरच्या मोठ्या पातेल्याबद्दल बोलले. त्याच्या पुढच्या वर्षी मला कुठल्याच समितीत घेतलं नाही आणि नवऱ्याने मंडळाचे आभार मानले.

आमचे साहेब गॅलिस लावणारे, धिप्पाड गृहस्थ होते. आयुष्यभर विम्यात काढल्यामुळे त्यांचं एक ठाम मत होतं. जायबंदी माणूस थोडं खोटं बोलतो आणि त्याचा मालक त्याहून जरा जास्त बोलतो, तेव्हा आपण मध्ये उभं राहून दोघांकडेही संशयाने बघावं. मला ते पटायचं नाही. आमचे बरेचसे लोक खरंच पडलेले असायचे, फक्त कसे पडले ते सांगायची त्यांना लाज वाटायची. अग्निशामक दलाचा एक माणूस आग विझवताना नाही, तर शेजारच्या गावाशी रस्सीखेच खेळताना खांदा निखळवून बसला होता. तो मला खूप वेळ धुराबद्दल सांगत होता.

आणि मग त्या पाठीच्या माणसाची केस आली.

तो एका छोट्या गावचा कामगार. गाव इतकं लहान की कचरा उचलणं, पाण्याचे पाइप बघणं आणि नाताळात खांबांवर तारे लावणं हे सगळं त्याच्याकडेच. गटाराचं लोखंडी झाकण उचलताना त्याची पाठ गेली. डॉक्टरने पडून राहायला सांगितलं, आम्ही दर आठवड्याचा चेक सुरू केला, सगळं सुरळीत होतं. एका सोमवारी त्या गावच्या मेयरचा फोन आला. मेयर म्हणजे आपल्याकडचे नगराध्यक्षच, पण पोटापाण्यासाठी यांचं गाद्यांचं दुकान होतं. त्यांचं म्हणणं, हा माणूस सोंग करतो आहे. रविवारी चर्चच्या हिरवळीवर तो लांबलचक टेबलं उचलताना गावच्या पोलिसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा चेक बंद करा, म्हणजे आम्हाला त्याला कामावरूनही काढता येईल.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलं उचलल्याचं खरं निघालं तर त्या माणसाची भरपाई संपणार होती, नोकरी जाणार होती, आणि फसवणूक करणारा म्हणून त्याचं नाव गावात पसरलं असतं ते वेगळंच. त्या गावात त्याला दुसरं काम देणारं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, न सांगता जा, काय दिसतं ते बघ आणि मला येऊन सांग.

न सांगता जायचं म्हटल्यावर मला बरंच वाटलं. वाटेत केळी घेतली. घरून बिस्किटांच्या जुन्या डब्यात रव्याचे लाडू घेतले होतेच.

दार त्याच्या सासूबाईंनी उघडलं. जाळीच्या दारातून त्यांनी मला, केळ्यांना आणि डब्याला नीट न्याहाळलं, आणि आम्ही बॅप्टिस्ट आहोत, आम्हाला दुसरा धर्म नको, असं शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, धर्म नाही, मी पूलकडून आले आहे, यांची पाठ कशी आहे ते बघायला. त्या म्हणाल्या, इतके दिवस झाले, गावातून कुणी बघायला आलं नाही, आणि दार उघडून धरलं.

तो सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या जमिनीवर पडलेला होता, गुडघ्यांखाली उशा घेऊन. मला बघून उठायला गेला आणि त्याचा चेहरा असा पिळवटला की मी हातानेच त्याला झोपवलं. तसा चेहरा सोंग म्हणून करता आला असता तर तो माणूस कचरा उचलत बसला नसता. पलंगावर का झोपत नाही, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, गादी मेयरच्या दुकानातली आहे, मध्ये खड्डा पडतो.

मग मी आपल्याकडे समाचाराला गेल्यावर ज्या क्रमाने विचारतात त्या क्रमाने सगळं विचारलं. कसं झालं, कधी झालं, तेव्हा काय वाटलं, झोप लागते का, पोट साफ होतं का. शेवटच्या प्रश्नाला तो लाजला, पण त्याच्या बायकोने उत्तर दिलं. तेवढ्यात कुणी विचारायच्या आत मी इलाजही सांगून टाकला. जाडं मीठ तव्यावर गरम करायचं, स्वच्छ मोज्यात भरायचं, गाठ मारायची आणि कमरेवर शेकायचं. सासूबाईंना ते एकदम पटलं. त्यांच्या आईने म्हणे असंच काहीसं मक्याच्या दाण्यांचं केलं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो, मीठ तापवलं, मोजा भरला, आणि मी ऑफिसच्या कामावर आहे हे पार विसरून गेले. त्यांनी मला पीचचा कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, खायला दिला आणि बर्फ घातलेला गोड चहा दिला. थंड चहा हा मला आजही चहाचा अपमान वाटतो, पण आजाऱ्याच्या घरी दिलेलं नाकारत नाहीत, म्हणून संपवला.

मिठाने शेकल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. तेव्हा मी टेबलांचं विचारलं.

तो छताकडे बघत म्हणाला, उचलली, मॅडम. त्याच्यापुढे एक अक्षर बोलेना. त्याची बायको उठून आत गेली. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांचा कॉबलर दुसऱ्यांदा घेतला होता हे बहुधा त्यांना आठवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी मेयरच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि चर्चच्या हिरवळीवर अख्ख्या गावाला जेवण होतं. शनिवारी मेयर स्वतः कुंपणापाशी आले. टेबलं नगरपालिकेची, ट्रक नगरपालिकेचा, आणि याच्या जागी तात्पुरता घेतलेला माणूस मासे पकडायला गेलेला. तू नुसता येऊन उभा राहा, पोरांना सांग कुठे काय ठेवायचं, असं मेयर म्हणाले. रविवारी ट्रक मेयरने आणून लावला, पण पोरं काही आली नाहीत. आईसाहेब खुर्चीत बसून वाट बघत होत्या, तेव्हा याने टेबलं उतरवली, आणि शेवटचं टेबल ठेवून तिथेच गवतावर बसला तो त्याला उठता येईना. आईसाहेबांनी त्याला कोंबडीची ताटली आणून दिली. पोलिसानेही तिथेच जेवण केलं.

मी म्हटलं, मग हे सांगत का नाही? हे सांगितलं तर तुमच्यावरचा आरोपच उरत नाही.

तो म्हणाला, "मॅडम, चेक काय, आज आहे उद्या नाही. मला याच गावात राहायचंय. मेयर खोटा पडला माझ्यामुळे, असं नको व्हायला."

त्याचा मला राग आला, आणि त्याच्याहून जास्त त्या गाद्यावाल्याचा. स्वतःच्या आईचा वाढदिवस या माणसाच्या मोडक्या पाठीवर साजरा करून वर त्यालाच लबाड ठरवायचं, आणि वर तो बिचारा त्याचीच अब्रू जपतोय. मी परतताना गाडी इतकी जोरात चालवली की धोके हुडकणाऱ्या बाईला ते शोभलं नाही.

साहेबांना मी पहिल्यापासून सांगायला लागले, त्यामुळे मिठाचा मोजा आधी आला. साहेब खुर्चीतून उठले. पूलची बाई पूलच्या जायबंदी माणसाला डॉक्टरला न विचारता गरम मीठ लावते, उद्या त्याची कातडी भाजली तर दावा कुणावर लागेल, असं त्यांनी मला विचारलं. इतकी वर्षं या धंद्यात असून धोका आपल्याच ऑफिसात बसलेला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, असंही म्हणाले. मी म्हटलं, मोजा दुहेरी होता. त्यावर ते पुन्हा खाली बसले.

मग मी टेबलांचं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता शांत होत गेले आणि शेवटी गॅलिसमध्ये अंगठे अडकवून हसायला लागले. कायदा साधा होता. मालकाने सांगितलेलं काम करताना माणसाला इजा झाली तर ती कामावरची इजा, मग वार रविवार असो की वाढदिवस असो. म्हणजे मेयर ज्या पुराव्यावर एक क्लेम बंद करायला निघाले होते, त्याच पुराव्यावर त्यांच्या गावाच्या अंगावर दुसरा क्लेम येत होता. साहेब म्हणाले, त्या माणसाचा जबाब घेऊन ये, संपवून टाकू. मी म्हटलं, तो देणार नाही, आणि मी मागणारही नाही. मी त्याच्या घरी जेवले आहे. साहेबांना हे कारण कळलं नाही. पण माझ्या डोळ्यांत त्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी मला दोन दिवस दिले.

मला जबाब नकोच होता. जे दुसऱ्याच्या तोंडून वदवायचं नाही ते मेयरच्याच तोंडून यायला काय हरकत होती? मी नगरपालिकेला कळवलं की त्यांच्या टेबलांची सुरक्षिततेसाठी तपासणी करायची आहे. हे अगदी खरं होतं. टेबलांची तपासणी माझ्या कामातच बसायची, फक्त आजवर ती मी कधी केली नव्हती.

मेयर स्वतः हजर राहिले. मोठा हसतमुख माणूस, हातात हात घेऊन हलवणारा. मी टेबलाखाली वाकले, लोखंडी पाय उघडून बघितले, बिजागरीला हात लावून मान हलवली, आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, ही टेबलं कुणाची? नगरपालिकेची, ते अभिमानाने म्हणाले. बाहेर नेतात का? नेतात, गावासाठीच तर आहेत. कशातून? आमच्या ट्रकमधून. नेताना कुणाची देखरेख असते, का कुणीही उचलतं? धोक्याच्या दृष्टीने विचारते. छे, मेयर म्हणाले, मी स्वतः सांगितल्याशिवाय या इमारतीतून टेबल हलत नाही. परवा माझ्या आईच्या वाढदिवसाला नेली, तेव्हासुद्धा मीच सांगितलं.

मी उठून गुडघे झटकले. पलीकडे बसलेल्या त्यांच्या कारकून बाईंचं टाइप करणं कधीच थांबलं होतं.

मी म्हटलं, हे फार चांगलं झालं, कारण त्यामुळे सगळं सोपं होतं. तुमच्या सांगण्यावरून टेबलं हलली म्हणजे ती उचलणारा माणूस कामावर होता. त्याची पाठ तिथे आणखी दुखावली असेल तर तोही तुमच्याच गावाचा क्लेम. फक्त साक्षीला कुणीतरी लागेल. तुमच्या आईसाहेब तिथेच खुर्चीत होत्या असं ऐकलं. मी त्यांच्याकडे जाऊन त्यांना दोन गोष्टी विचारीन म्हणते. जाताना केळी नेईन.

मेयरचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा माणूस निवडणुकीला, कोर्टाला, अॅटलांटाच्या वकिलांना भ्याला नसता, पण आपल्या वाढदिवसाला टेबलं वाहणाऱ्याला मुलगा लबाड म्हणतो हे आईला कळणं त्याला झेपणारं नव्हतं.

"माझ्या आईला यात आणायची गरज नाही," ते म्हणाले. "पोलिसाच्या डोळ्यांवर ऊन असेल."

मी म्हटलं, उन्हाचं काही सांगता येत नाही. चेक चालू राहिला. मेयरने त्याला कामावरून काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि आपण खोटे पडलो असंही त्यांना कुणापुढे म्हणावं लागलं नाही. पाठ बरी झाल्यावर त्याला हलकं काम दिलं गेलं, नगरपालिकेच्या गोदामाच्या देखरेखीचं. टेबलं उचलायला दुसरा माणूस ठेवला. हे मी माझ्या अहवालात सुचवलं होतं, आणि मेयरने ते इतक्या तत्परतेने मान्य केलं की साहेब चकित झाले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच वर्षी गणपतीत मी पडले. मंडळाने मखराच्या वायरीला टेप लावायची प्रथा माझ्यावरचा राग म्हणून का होईना चालू ठेवली होती. ती टेप एका बाजूने उचकटली होती आणि नेमका माझाच पाय तिच्यात अडकला. घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये घालून मी घरी सोफ्यावर बसले आणि दाराच्या घंटीची वाट बघायला लागले.

सगळ्यांचे फोन आले. काकूंचा आला, समितीच्या अध्यक्षांचा आला, ज्यांचे गुडघे मी वर्षानुवर्षं बघितले त्यांचे आले. सगळे म्हणाले, काही लागलं तर नक्की सांग हं, संकोच करू नकोस. आलं कुणीच नाही. अंतरं लांब होती, सगळ्यांना नोकऱ्या होत्या, हे मला समजत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. नवरा म्हणाला, लोक किती विचारपूस करतात बघ. मी त्याच्याशी त्या दिवशी फारशी बोलले नाही.

शनिवारी घंटी वाजली. आमची मुलगी दार उघडायला गेली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "मॉम, देअर्स अ मॅन विथ बनानाज."

तो पाठीचा माणूस, त्याची बायको आणि त्याच्या सासूबाई. माझी त्यांच्या गावची तपासणी रद्द झाली, तेव्हा कारकून बाईंनी त्याला का ते सांगितलं होतं. तो आता सरळ चालत होता. सासूबाईंच्या हातात कॉबलरचं भांडं होतं आणि पर्समधून त्यांनी एक मिठाने भरलेला मोजा काढला. मीठ घरचं आहे, फक्त गरम करायला तवा दाखव पोरी, असं म्हणून त्या विचारल्याशिवाय माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. प्लास्टरवरून शेकून काही उपयोग नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तो समोर बसला आणि कसं झालं, कधी झालं, तेव्हा काय वाटलं, झोप लागते का, असं सगळं ओळीने विचारलं. शेवटचा प्रश्न मात्र त्याने माझ्यावर दया करून गाळला. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मेयरने पाठवलंय मला. तुम्ही खरंच पडलात का, का सोंग करताय, ते बघून यायला."

मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडूही आलं, ते लपवायला मी केळ्यांचा घड मांडीवर घेतला. माझा पाय वर ठेवायला काही नाही हे पाहून तो मधलं लाकडी टेबल जवळ ओढायला उठला. मी इतक्या जोरात नको म्हणाले की मुलगी वरच्या मजल्यावरून धावत आली. शेवटी टेबल माझ्या नवऱ्याने उचललं, तेही गुडघे न वाकवता, कमरेतून. ते माझ्या पायाखाली सरकवताना त्याने हळूच मराठीत विचारलं, यांनी येण्याआधी फोन केला होता का.

"नाही," मी म्हटलं. "हे नागपूरकडचे आहेत."